आपल्याच नावाचा बुरखा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. आधार योजनेला आव्हान देणारे के. एस. पुट्टस्वामी हे स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. याचिका दाखल केली तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. निकालपत्रातलं मुख्य विवेचन न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. सात वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, चंद्रचूड सरन्यायाधीश असताना लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना फोनवरच ‘सर्वोच्च न्यायालयात’ उभं करण्यात आलं. आधी सीबीआयचे अधिकारी म्हणवणारी माणसं आली, मग सही-शिक्क्याचे आदेश, मग ऑनलाइन सुनावणी. त्या सुनावणीत कुणीतरी सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून बोलत होतं. ओसवाल यांनी नंतर सांगितलं, की चेहरा दिसला नाही, बोलणं ऐकू आलं आणि हातोडा आपटल्याचा आवाज आला. आपल्या न्यायालयांत न्यायमूर्ती हातोडा आपटत नाहीत, तो सिनेमातला. पण कॅमेऱ्याच्या पाळतीखाली ठेवलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला तेव्हा ते कुठून आठवणार? सात कोटी रुपये गेले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले.

ज्या न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क शब्दांत मांडला, त्यांच्याच नावाने एका वृद्धाच्या घरात शिरून त्याचा खासगीपणा लुबाडला गेला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कारण आपण हे दोन विषय वेगवेगळ्या ठिकाणी बोलतो. खासगीपणावर वकील आणि प्राध्यापक परिसंवादात बोलतात. फसवणुकीवर पोलीस ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान देतात. एकाला हक्काचा प्रश्न म्हणायचं आणि दुसऱ्याला सावधगिरीचा, अशी वाटणी झाली आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. भामट्याचं भांडवल म्हणजे आपली माहिती. ती त्याच्या हाती लागते ती खासगीपणाची किंमत न करणाऱ्या शेकडो छोट्या-मोठ्या सवयींमुळे, आणि त्या सवयी एकट्या आपल्या नाहीत. कार्यालयांच्या, कंपन्यांच्या आणि सरकारच्याही आहेत.

हे मला माझ्या मावशीमुळे कळलं.

मावशी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एकटी राहते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. आवाज आजही असा, की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. सकाळी अकराच्या सुमारास तिला फोन आला. तुमच्या नावाने परदेशी चाललेल्या पार्सलमध्ये पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडलेत. मावशी म्हणाली, ‘मी कुठलंही पार्सल पाठवलेलं नाही.’ समोरचा माणूस चिडला नाही, उलट काळजीने म्हणाला, ‘मग मॅडम, तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलाय. तुम्ही लगेच तक्रार नोंदवा, मी लाइन मुंबई क्राइम ब्रँचला जोडून देतो.’ सगळी मेख या वाक्यात आहे. पहिल्या माणसाने घाबरवलं आणि त्यानेच मदतीचा हात पुढे केला. तिथून पुढे प्रत्येक पाऊल मावशीने स्वतःहून टाकलं, निदान तिला तसं वाटत राहिलं.

व्हिडिओवर गणवेशातला माणूस, त्याच्या मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, बोललात तर घरच्यांनाही अटक होईल. मावशीने फोन स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर स्टुलावर बसून राहिली. दोन वाजता ‘पडताळणीसाठी’ पैसे पाठवायला ती बँकेत गेली, फोन पर्समध्ये चालूच. कारकुनाने विचारलं तर ‘भाच्याच्या फ्लॅटसाठी’ असं सांगायचं, हेही पढवून ठेवलेलं. तीन लाख वीस हजार गेले. पाचला शेजारच्या वहिनी दळणाचा डबा द्यायला आल्या. आतून हिंदीत ‘कौन है? दरवाज़ा मत खोलिए’ असा पुरुषी आवाज आला, तेव्हा त्यांना शंका आली. त्यांनी दार ढकललं, फोन उचलला आणि बंद केला. मावशी म्हणे त्यांच्यावरच ओरडली, ‘अहो, काय केलंत हे!’

नंतर तिने मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. ‘अरे, गणवेशाला मी भुलले नसते. पण त्याने मिस्टरांचं पूर्ण नाव सांगितलं, आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले आणि अकरा वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराचा पत्ता सांगितला. तो पत्ता पोलिसांशिवाय कुणाकडे असणार?’

कुणाकडे नाही, असं विचारायला हवं होतं. मागच्या पावसाळ्यात मी एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. काउंटरखाली खराब झालेल्या प्रतींचा गठ्ठा होता आणि दुकानातला मुलगा त्याच कागदांच्या पाठीवर गिऱ्हाइकांचा हिशेब करत होता. त्याने दिलेला कागद उलटा करून पाहिला. एका बाईंचं पॅन कार्ड, जन्मतारीख, खाली ठळक सही. ‘खराब प्रिंट आहे काका, रद्दीतलीच,’ तो म्हणाला. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. सिम कार्ड घेताना, लॉजवर उतरताना, भाडेकरार करताना, सोसायटीच्या नळासाठी अर्ज करताना आपण आयुष्यभर अशा प्रती वाटत आलो. कुठली प्रत कुठे आहे, याचा हिशेब आपल्यापाशी नाही आणि घेणाऱ्यापाशीही नाही.

सरकारी पातळीवरही याबाबत एकवाक्यता नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार द्या. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेण्यात आलं; लोकांचा गैरसमज होईल म्हणून. माझ्या मते ते पत्रक या विषयावर निघालेलं सर्वांत शहाणपणाचं पत्रक होतं. झाकलेलं आधार आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळतं, पण काउंटरवरचा माणूस ते पाहून म्हणतो, ‘हे चालत नाही, पूर्ण नंबर पाहिजे.’

कागदांचं हे, तर संगणकातल्या माहितीचं त्याहून मोठं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर एक बॉट आढळला. त्यात मोबाइल क्रमांक टाकला, की कोविड लसीकरणासाठी नोंदवलेलं नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा क्रमांक असं समोर येत होतं. लसीकरण नोंदणीच्या कोविन यंत्रणेत थेट शिरकाव झाला नाही, असं सरकारने सांगितलं. माहिती कुठल्या वाटेने बाहेर आली हा वाद तज्ज्ञांचा. ज्यांची ती होती त्यांना त्या उत्तराने काय मिळालं? आणखी गंभीर प्रकार अंगठ्याच्या ठशांचा. जमिनीच्या खरेदी-विक्रीचे दस्त काही राज्यांनी ऑनलाइन खुले केले. त्या दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांचे रबरी साचे करून आधार-आधारित व्यवहारातून खेड्यातल्या लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीला आले. त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, बोट पुरतं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोट कसं बदलणार? म्हणून आधारच्या अॅपमधलं बायोमेट्रिक कुलूप ज्याने लावलं नसेल, त्याने ते आजच लावावं. ते दोन मिनिटांचं काम आहे आणि गरज पडेल तेव्हा तात्पुरतं उघडताही येतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवण्यात आले, बहुतांश अनेक देशांतल्या एटीएममधून. तो संगणकावरचा हल्ला होता आणि त्यासाठी तांत्रिक कौशल्य लागलं. त्यानंतर बँकांनी आपल्या यंत्रणा मजबूत केल्या आणि चोरांनी मोर्चा माणसाकडे वळवला. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून जास्त रक्कम गेली. मालकांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअॅप संदेशावर विश्वास ठेवून ती पाठवण्यात आली होती. लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये देशाचे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. हे फक्त नोंदवलेल्या तक्रारींचे आकडे.

मग सरकारचं आणि बऱ्याच सामान्य माणसांचं म्हणणं असतं, की इंटरनेटवर निनावी राहता येतं म्हणून हे फोफावलं. प्रत्येकाला ओळख दाखवायला लावा, सगळं सुतासारखं सरळ होईल. ऐकायला पटतं. पण मावशीला फोन करणारा निनावी कुठे होता? त्याच्याकडे सिम होतं, ते कुणाच्या तरी आधारवर घेतलेलं. पैसे ज्या खात्यात गेले, त्याची केवायसी पूर्ण होती. खातं निघालं परराज्यातल्या एका बांधकाम मजुराचं. त्याने काही हजारांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं. भामटा नाव लपवत नाही, तो दुसऱ्याचं नाव पांघरतो. आपण ओळखपत्राच्या प्रती जितक्या जास्त ठिकाणी मागू, तितकी पांघरायला नावं जास्त. ओळखसक्तीचा उपाय रोगालाच खाऊ घालतो, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

भाड्याच्या खात्यांचा हा धंदा महाराष्ट्रातल्या कॉलेजांपर्यंत पोचला आहे. ‘तुझं खातं फक्त महिनाभर दे, गेमिंगचे पैसे येतील’ असं सांगून विद्यार्थ्यांकडून खाती घेतली जातात. पोलीस दारात येतात तेव्हा त्या पोराला कळतं, की आपल्या नावावर कुणाच्या तरी आजीची पेन्शन वळती झाली. मुलांना या बाबतीत घरात स्पष्ट सांगायला हवं. खातं भाड्याने देणारा गुन्ह्यात सामील धरला जातो.

आणि फोनवरचा तो आवाज तरी कुणाचा? म्यानमारमधल्या म्यावाडीच्या परिसरात, कंबोडियात, लाओसमध्ये तारेच्या कुंपणाआड फसवणुकीचे कारखाने चालतात. ‘डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट’ असं सांगून भारतातली तरुण मुलं थायलंडमार्गे तिथे नेली जातात, पासपोर्ट काढून घेतले जातात आणि नकार दिला तर मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. त्यात महाराष्ट्रातलीही मुलं होती. मावशीशी आधी काळजीने आणि मग दरडावून बोलणारा आवाज अशाच एखाद्या कोंडलेल्या मुलाचा असू शकतो. याने गुन्हा लहान होत नाही, पण गुन्हेगार शोधायचा तो कुठल्या टोकाला, हे कळतं.

निनावीपणाबद्दल मराठी माणसाने तरी घाईने वाईट बोलू नये. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आपल्याच समाजाचे कान उपटणारी पत्रं ‘लोकहितवादी’ या नावाने छापून येत होती. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा विभावरी शिरूरकर ही कोण बाई, याचा कोण शोध चालला होता! कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणाऱ्या बाईचं खरं नाव त्या दिवसांत बाहेर पडलं असतं तर शिक्षिकेची नोकरी आणि घर दोन्ही ठिकाणी तिला जगणं कठीण झालं असतं. विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर; हे नाव आपण आज आदराने घेतो, कारण तेव्हा लेखिकेचं खरं नाव झाकलेलं राहू शकलं.

आज ती गरज कमी झालेली नाही. छातीत गाठ लागली म्हणून घाबरलेली, पण सासरी बोलू न शकणारी मुलगी रात्री मोबाइलवर प्रश्न टाइप करते. आपण वेगळे आहोत हे उमगलेला तालुक्याच्या गावचा मुलगा कुणाशी तरी पहिल्यांदा मोकळं बोलतो, ते टोपणनावाने. खरं नाव टाकण्याची किंमत काय असते, हे आपल्या राज्याने नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला पाहिलं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्या कलमाचा तिथे आधार घेतला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण अटकेचा तो दिवस कुणी रद्द करू शकत नाही.

तरीही पावलं उलट्याच दिशेने पडताना दिसतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश-अॅपना सांगितलं, की एखादा संदेश मुळात कुणी पाठवला ते मागणी झाल्यास सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सअॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. संदेश कुलूपबंद ठेवण्याची पद्धत मोडायला लावली तर आम्हाला भारत सोडावा लागेल, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने, इंटरनेटवरचा पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं आणि पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. नामांकित कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले आणि ग्राहकांची सेवा बाहेरच्या सर्व्हरवरून सुरू ठेवली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला तर प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अॅप आधीच घालून देण्याचा आदेश गाजला आणि विरोध होताच दोन-तीन दिवसांत मागे घेतला गेला. मला यातलं वाईट हे वाटतं, की संचार साथी मुळात उपयोगी आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं आणि अनोळखी सिम बंद करण्याची विनंती करता येते. मावशीच्या नावावर एक निघालं. चांगली वस्तू सक्तीने घरात घुसवली, की लोक तिच्याकडेही संशयाने पाहतात.

इथे दोन-तीन गैरसमज दूर करायला हवेत. फोनमधला ‘इन्कॉग्निटो’ पडदा फक्त तुमच्याच फोनवरचा इतिहास पुसतो. ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना तुम्ही कुठे गेलात ते दिसतंच. व्हीपीएन तुमचा पत्ता झाकतं, पण त्याच खिडकीत तुम्ही आपल्या ईमेलने लॉगिन केलेलं असेल तर झाकलं काय? आणि व्हॉट्सअॅपचा मजकूर कुलपात असला तरी कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं हे त्या कुलपाबाहेर राहतं. निनावीपणाचा खरा आधार साधा असतो: जे सांगायची गरज नाही ते न सांगणं. मॉलमधल्या सोडतीच्या चिठ्ठीवर जन्मतारीख लिहू नये. पार्सलच्या खोक्यावरचं लेबल फाडून मगच खोकं बाहेर टाकावं. टॉर्चच्या अॅपने संपर्कयादी मागितली तर नाही म्हणावं.

फसवणुकीच्या तऱ्हा दर सहा महिन्यांनी बदलतात. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा संदेश महाराष्ट्रात घरोघरी आला. पाठोपाठ आरटीओचं चलान आणि लग्नपत्रिका आल्या, व्हॉट्सअॅपवर, एपीके फाइलच्या रूपात. पत्रिका कधीही फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अॅप, आणि ते बसवलं की तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, परस्पर दुसरीकडे जातात. स्टार ४०१ ने सुरू होणारा आकडा डायल करायला लावून कॉल वळवून घेण्याची युक्ती इतकी पसरली, की एप्रिल २०२४ पासून ती सोयच थांबवायला दूरसंचार विभागाने सांगितलं. अशा प्रत्येक तऱ्हेचं पाठांतर कुणाला जमणार? म्हणून न बदलणाऱ्या गोष्टी धराव्यात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. बँकेची खरी संकेतस्थळं रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी सरकारी संदेशाला जी, व्यवहाराच्या संदेशाला टी आणि जाहिरातीला पी ही अक्षरं असतात. स्क्रीन दाखवायला लावणारं अॅप कुणाच्या सांगण्यावरून बसवायचं नाही, मग तो स्वतःला बँकेचा माणूस म्हणो की गॅस एजन्सीचा. आणि हल्ली मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे मागतात. त्यावर आमच्या घरी आम्ही एक शब्द ठरवलाय, फक्त घरच्यांना ठाऊक असलेला. पैशांची गोष्ट निघाली की तो विचारायचा.

मावशीला ज्यात अडकवलं त्या ‘डिजिटल अटके’विषयी मात्र एवढं ठाम सांगता येतं, की आपल्या कायद्यात असा प्रकारच नाही. अटक करताना पोलीस अधिकारी प्रत्यक्ष समोर असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची रीत शरीराला स्पर्श करणं किंवा त्याला बंदिस्त करणं अशी दिली आहे; माणूस स्वतःहून ताब्यात आला तरच त्याची गरज नसते. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवरून बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून लुटल्यावर न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे दिला.

पैसे गेल्यावरचे पहिले काही तास निर्णायक असतात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, की तक्रार एकाच वेळी बँकांपर्यंत पोचते आणि रक्कम ज्या खात्यात असेल तिथे गोठवता येते. चोर ती तासाभरात पाच-सात खात्यांत फोडतात, म्हणून ही घाई. मावशीच्या तीन लाख वीस हजारांपैकी एक लाख नव्वद हजार तिसऱ्या पायरीवरच्या खात्यात अडकलेले सापडले. न्यायालयाच्या आदेशानंतर पाच महिन्यांनी ते परत आले. या गोठवण्याची दुसरी बाजूही आहे. चोरीतले पाचशे रुपये एखाद्या किराणा दुकानदाराच्या क्यूआरवर आले तर त्या बिचाऱ्याचं अख्खं खातं बंद पडल्याच्या तक्रारी आहेत. वादातली रक्कम तेवढी गोठवावी, पूर्ण खातं नाही. हे व्हायलाच हवं.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम प्रत्येक खातेदाराला ठाऊक असायला हवा. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण ओटीपी तुम्ही दिलात, की कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि पैसे स्वतः पाठवलेत तर हे संरक्षणच नाही. २०१७ मध्ये हा भेद योग्य वाटला असेल. आज बहुतेक फसवणूक माणसाकडूनच बटण दाबून घेऊन होते. बंदुकीच्या धाकाने तिजोरी उघडली तर आपण उघडणाऱ्याला जबाबदार धरत नाही. खोट्या न्यायालयाच्या धाकाचंही तसंच आहे. सत्तरीतल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एका दुपारी तीन लाख अनोळखी खात्यात पाठवले, तर काही तास थांबून तिला एक फोन करण्याची जबाबदारी बँकेवर टाकता येणार नाही का?

माहिती सांभाळणाऱ्यांवर कायद्याचा धाक यायला उशीरच झाला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हे चांगलं. पण तो दंड सरकारजमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही. भरपाईची सोय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या जुन्या कलमात आहे, ते कलमच वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. सरकारला आपल्या संस्थांना सूट देता येते, आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातला बदल असा, की सार्वजनिक कामातली माणसंही ‘वैयक्तिक माहिती’च्या आड उभी राहू शकतील. सामान्य माणसाचा पत्ता उघडा आणि अधिकाऱ्याच्या कारभाराचा तपशील झाकलेला, अशी उलटापालट यातून होऊ नये एवढीच माझी अपेक्षा आहे.

मावशी सहा महिने बाहेर कुणाशी याबद्दल काही बोलली नाही. नातेवाइकांत एकदा कुणीतरी म्हणालं, ‘एवढी शिकलेली बाई, कशी काय फसली?’ तेव्हापासून तिने लग्नाकार्याला जाणंही सोडलं. पैशापेक्षा तिला ते वाक्य लागलं होतं. मग एका एकादशीला भजन झाल्यावर तिने मंडळातल्या बायकांना सगळं सांगितलं. साखरेचा डबा, बँकेतलं खोटं, शेजारच्या वहिनींवर ओरडणं, सगळं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पेटीवर बसणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या, की त्यांचे चाळीस हजार गेलेत, मुलाला अजून ठाऊक नाही. त्यांच्यामागून आणखी दोघी बोलल्या. मावशीने पिशवीतून पेन काढलं आणि मंदिराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराखाली, ठळक अक्षरांत लिहिलं: १९३०.